दगा देणारा स्नायू

बंगळूरच्या अलसूर भागात, गौतमपुऱ्यात, चक्क पेलेचा पुतळा आहे. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारा सारंगपाणी रामनही याच शहराचा. अशा फुटबॉलवेड्या गावात मुलगा खेळू लागला की पालक बूट घेतात, दूध-अंडी वाढवतात. मांडीच्या मागच्या स्नायूकडे मात्र कोणी बघत नाही. ऐन निवड चाचणीच्या तोंडावर तोच दगा देतो आणि पोराला कित्येक आठवडे घरी बसवतो.

वेगात धावताना पुढे गेलेला पाय आवरण्याचं काम या स्नायूचं. तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. नुसतं धावून ही ताकद पुरेशी येत नाही. तिच्यासाठीचा व्यायाम घरच्या सतरंजीवर होतो. गुडघ्यांवर ताठ उभं राहायचं, मागून कोणीतरी घोटे दाबून धरायचे आणि कमरेत न वाकता होईल तितकं सावकाश पुढे झुकायचं. तोल सुटला की हात टेकायचे. डेन्मार्कमध्ये ९४२ प्रौढ खेळाडूंवर हा व्यायाम पडताळला गेला. २०११मध्ये निष्कर्ष आले: व्यायाम करणाऱ्यांत या स्नायूच्या १५ नव्या-जुन्या दुखापती, न करणाऱ्यांत ५२.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना कळतं! म्हणून पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन फेरे पुरेत. तेही प्रशिक्षकांना विचारून. सामन्याच्या आदल्या दिवशी नकोच. घोटे धरायला आई चालते, धाकटा भाऊ नाही; तोच उचलला जातो.