वीज जाताना मायक्रोकंट्रोलरच्या मेमरीचे काय होते?

ब्राउन-आउट : व्होल्टेज शून्यावर न जाता ठरलेल्या मर्यादेखाली घसरणे. पूर्ण वीज जाण्यापेक्षा हे धोक्याचे. चिप अर्धवट जागी राहते, चुकीच्या सूचना चालवते आणि ईईप्रॉममध्ये (वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) भलतेच काही लिहून ठेवू शकते.

उदाहरण, एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर : ईईप्रॉम १०२४ बाइट, सुमारे १ लाख लेखनांची हमी. एक बाइट लिहायला साधारण ३.४ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात वीज गेली, तर तो बाइट बिघडू शकतो.

ब्राउन-आउट डिटेक्टर : व्होल्टेज पातळीखाली जाताच चिपला रीसेटमध्ये धरून ठेवतो. पातळी फ्यूज बिट्सने (चिपमधल्या सेटिंगच्या बिट्सने) ठरते : १.८, २.७ किंवा ४.३ व्होल्ट. इथे वेगाकडे नीट पाहावे. १६ मेगाहर्ट्झला किमान ३.८ व्होल्ट लागतात. डिटेक्टर २.७ वर असेल, तर मधल्या पट्ट्यात संरक्षण नाही.

रीसेटमुळे नवे लेखन थांबते. सुरू झालेले पुरे व्हायला व्होल्टेज टिकावे लागते.

कपॅसिटर : फॅरड = अँपिअर × सेकंद ÷ व्होल्टमधली घट. चार बाइटना १४ मिलिसेकंद, प्रवाह १० मिलिअँपिअर, घट १ व्होल्ट : १४० मायक्रोफॅरड. बाजारात मिळणारा २२० चा घ्यावा. पुरवठ्याच्या बाजूने डायोड हवाच, नाहीतर साठलेला चार्ज उलटा निघून जातो.

सॉफ्टवेअर : नोंदीच्या दोन प्रती, प्रत्येकीला अनुक्रमांक आणि सीआरसी (बिघाड ओळखणारा तपासणी-आकडा). नवी नोंद नेहमी दोनपैकी जुन्या प्रतीच्या जागी लिहायची. चालू प्रतीला हात लावायचा नाही.

एफरॅम (ईईप्रॉमऐवजी वापरता येणारी मेमरी) : लेखन जवळपास तत्क्षणी, ईईप्रॉमसारखी मिलिसेकंदांची वाट नाही.