काळा रंग चालतो, काळी मुलगी चालत नाही!

१८३०च्या सुमारास अमेरिकेत थॉमस राईस या गोऱ्या नटाने तोंडाला काळे फासून ‘जिम क्रो’ नावाचा काळा गुलाम रंगमंचावर नाचवला. गोरे पोट धरून हसले. पुढे काळ्यांना वेगळे बसवणारे कायदे याच नावाने ओळखले गेले! कायद्यांना विदूषकाचे नाव पडल्याचे दुसरे उदाहरण आम्हा वकिलांनाही आठवत नाही.

आपल्याकडे २०१९ साली ‘स्टार प्रवाह’वर ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका आली. कथा सावळ्या दीपाच्या अवहेलनेची. भूमिका मात्र उजळ नटीला काळा मेकअप फासून दिली. चेष्टा नव्हती, मान्य. पण काम आणि मानधन कोणाचे गेले? परभणीत भीमजयंतीच्या मंचावर आमच्या काळ्यासावळ्या मुली एकपात्री प्रयोग गाजवतात. निर्मात्यांनी एकदा इथे येऊन ऑडिशन घ्यावी.