हिवाळ्यात हे बदक जातं कुठे?

आजचा पक्षी आहे स्पेक्टॅकल्ड आयडर, समुद्रात राहणारं एक बदक. डोळ्याभोवती पांढरा गोल आणि त्याला काळी कड, म्हणजे थेट चष्माच. मी तर त्याला चष्मेवालं बदकच म्हणतो.

उन्हाळ्यात हा पक्षी अलास्काच्या आणि सायबेरियाच्या किनाऱ्यांवर, टुंड्रातल्या तळ्यांकाठी घरटी करतो. मादी अंड्यांवर बसली की नर समुद्राकडे निघून जातात. पिल्लं उडायला लागली की त्यांच्यामागून माद्याही जातात. मग पुढचे कित्येक महिने ही सगळी मंडळी कुठे असतात, हे शास्त्रज्ञांना १९९५ पर्यंत माहीतच नव्हतं!

आणि हे कळणं फार गरजेचं होतं. अलास्कातल्या युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात १९७० च्या दशकापासून १९९२ पर्यंत यांची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली होती. १९९३ मध्ये अमेरिकेने या पक्ष्याला कायद्याचं संरक्षण दिलं. पण जो पक्षी अर्धं वर्ष कुठे असतो तेच ठाऊक नाही, त्याला सांभाळणार कसं?

मग काही पक्ष्यांच्या शरीरात छोटे ट्रान्समीटर बसवले. १९९५ च्या हिवाळ्याअखेरीस उपग्रहाकडून संकेत आला तो थेट बेरिंग समुद्रातून, सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेकडून. तिथे तर सगळा बर्फच! तरी संशोधक विमानाने गेले. बघतात तर काय, बर्फातल्या भेगांमधल्या पाण्यात बदकांची ही दाटी! पुढे मोजणी झाली तेव्हा आकडा साडेतीन लाखांच्या वर गेला. जगातले जवळजवळ सगळे चष्मेवाले एकाच भागात.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या थंडीत तिथेच का? कारण खाली जेवण आहे. ४० ते ७० मीटर खोल बुडी मारून ते तळातले शिंपले खातात. आणि दोन बुड्यांच्या मध्ये बर्फावर चढून बसतात. गोठणाऱ्या पाण्यात तरंगत राहिलं तर शरीरातली उष्णता भराभर जाते. बर्फावर ती वाचते, म्हणजे तेवढं खाणं कमी लागतं.

मला इथेच खरी गंमत वाटते, आणि काळजीही. आपल्याला वाटेल, बर्फ कमी झाला तर बदकांना बरंच. पण यांच्यासाठी बर्फ म्हणजे बसायची जागा. शिंपले भरपूर असले तरी वर बर्फ नसेल तर हिशोब तोट्यात जातो. २०१८ च्या हिवाळ्यात बेरिंग समुद्रात नोंदीतला सर्वांत कमी बर्फ होता.

हा हिवाळी मुक्काम २००१ मध्ये अमेरिकेने महत्त्वाचा अधिवास म्हणून जाहीर केला. म्हणजे कागदावर समुद्राचा तुकडा राखला गेला. त्यावरचा बर्फ मात्र असा राखता येत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. प्रश्न असतील तर नक्की पाठवा.