कारखान्याचे सांडपाणी व चुना

तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गास खनिज गंधकाम्लात विरघळवून विजेच्या योगाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइडही काढितात. ते कोरड्या बॅटऱ्यांस लागते. अशा धंद्यांचे सांडपाणी आंबट असते व त्यात धातू विरघळलेले असतात. ते शुद्ध कसे करितात, हे बपेऱ्यासारख्या धानाच्या गावांस ठाऊक असणे अवश्य आहे. कारण नाल्याचे पाणी अखेर बांधीतच येते.

विरघळलेला धातू डोळ्यांस दिसत नाही व फडक्याने गाळला जात नाही. तो काढण्याची विद्या मात्र शेतकऱ्यांस सर्वस्वी नवी नाही. बोर्डो मिश्रण करिताना मोरचुदाच्या पाण्यात कालविलेला चुना मिसळला म्हणजे तांब्याचा निळा साका बनतो. चुना कमी पडला असल्यास बुडविलेल्या लोखंडी सुरीवर तांबूस थर चढतो. कारखान्यातही हेच तत्त्व होय. चुन्याने आंबटपणा मरतो आणि तांबे, जस्त व मँगनीज तळी बसतात. मँगनीजास चुना अधिक लागतो. पाण्यात हवा खेळविल्यास त्याचा साका काळसर पडतो. विषारी पिवळे क्रोमियम नुसत्या चुन्यास दाद देत नाही; त्यास आधी हिराकस, मग चुना.

१९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांखालील सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यात दर लिटरमागे मँगनीज २, तांबे ३ व जस्त ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, सामू ५.५ ते ९ असावा.

तथापि चुन्याने धातू नाहीसा होत नाही, गाळात बांधला जातो इतकेच. हा गाळ कोणी खत म्हणून फुकट देऊ केला तरी घेऊ नये. धानाच्या बांधीत पाणी साचून जमिनीस हवा मिळत नाही. तेथे काळे मँगनीज पुनः विरघळते, व आंबट जमिनीत इतर धातूही सुटतात. गाळाची जागा पक्क्या अस्तराच्या खड्ड्यात आहे, शेतात नव्हे.

लिटमस कागदाने आंबटपणा कळतो, धातू कळत नाही. शंका आल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करून तपासणी मागावी. अर्जात नाल्याचे नाव, गट नंबर, तारीख व वेळ अवश्य लिहावी आणि पोच घ्यावी. मोघम तक्रारीचा कागद दप्तरात पडून राहतो, हे आम्ही महसुली नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.