दोन पिना, आठ सेन्सर
मोहर्लीच्या जंगलात वाघ टिपणारा ट्रॅप कॅमेरा बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. समोरून ऊबदार अंग सरकलं की सेन्सर त्याला हाक मारून उठवतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात.

असं यंत्र घरी जुळवायचं तर अडचण येते: आर्डुइनो उनो या बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी चिपला खास इंटरप्ट पिना २च. सेन्सर ८ असले तर? प्रत्येकाची तार डायोडमधून एका इंटरप्ट पिनेवर आणायची, शिवाय वेगळ्या साध्या पिनेवरही जोडायची. जाग आली की कोणी उठवलं ते वाचायचं. दुसरा मार्ग विकतचा: एमसीपी२३०१७ ही जोडचिप १६ इनपुटांवर लक्ष ठेवते आणि बदल एकाच तारेने कळवते. पण मी आधी फुकटचा उपाय करून पाहीन: एटीमेगाच्या साध्या पिनाही बदल ओळखतात, फक्त ३ गटांत. गटातली नेमकी पिन प्रोग्रामने शोधायची.