चकाकत्या भांड्याची आच कशी मोजावी?

कल्हईच्या कामात सारा भरवसा आचेवर असतो. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. भांडे त्याहून थंड राहिले तर कल्हई धरत नाही. फार तापले तर कथील करपते आणि महागडा माल वाया जातो. जुने कारागीर हा अंदाज नजरेने घेतात. आता बाजारात भांड्याला न लावता तापमान दाखवणारी ‘गन’ मिळते, आणि ती घ्यावी असे वाटणे साहजिक आहे. २०२० साली कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरत ते यंत्र याच जातीचे. भट्टीच्या कामाला मात्र जास्त पल्ल्याचे लागते.

पण पैसे मोजण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. प्रत्येक तापलेल्या वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघतात. गन हे किरण मोजून अंश सांगते. तिचा लाल ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो. काळ्या, खरबरीत वस्तूतून हे किरण भरपूर निघतात. घासून चकचकीत केलेल्या तांब्या-पितळेतून किंवा अॅल्युमिनियममधून त्याच तापमानाला दहावा हिस्साही निघत नाहीत. त्यामुळे २०० अंशांवरचे चकाकते भांडे गन १०० च्या खालीही दाखवू शकते. दोष यंत्राचा नव्हे, चकाकीचा आहे.

हीच अडचण मोठ्या कारखान्यांनाही येते. पोलादाच्या पत्र्यावर जस्ताचा थर देऊन तो पुन्हा तापवतात, तेव्हा जस्तात लोखंड मिसळत जाते आणि चकाकता पत्रा मंद होतो. चकाकी बदलली की गनचा आकडाही चुकतो. अमेरिकेतील ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने १९९० च्या दशकात यावर निराळी वाट काढली. धावत्या पत्र्यावर चमकणाऱ्या भुकटीची चिमूट सोडायची, तिच्यावर लेसरचा झोत मारायचा आणि तिची चमक किती वेळात विझते ते मोजायचे.

अशा भुकट्यांत बहुधा युरोपियम, डिस्प्रोसियम यांसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळलेली असतात. रंगीत टीव्हीच्या जुन्या काचेच्या पडद्यावरील लाल रंग युरोपियमच्याच भुकटीचा असे. झोत बंद झाल्यावरही ही चमक क्षणभर टिकते, आणि ठरावीक पल्ल्यात वस्तू जितकी गरम तितकी लवकर विझते. येथे प्रकाश किती आला हे मोजायचे नसून किती वेळ टिकला हे मोजायचे असते. म्हणून धूर, धूळ वा चकाकी यांमुळे हिशेब सहसा बिघडत नाही. ही कल्पना १९३७ च्या एका अमेरिकन पेटंटातही सापडते. लेसर व वेगवान इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर ती खरी कामाची झाली.

प्रत्येक भुकटीचा पल्ला वेगळा असतो. यिट्रियम ऑक्साइडमधील युरोपियम सुमारे ५०० अंशांपर्यंत फारसा फरक दाखवत नाही, पुढे मात्र झपाट्याने दाखवतो. डिस्प्रोसियमची भुकटी हजार अंशांपुढेही चालते. म्हणून टर्बाइनची पाती तपासण्यासाठी ही पद्धत वापरली जाते. साध्या कारखान्याला मात्र लेसर आणि त्याचे यंत्र परवडणारे नाही.

मग आपण काय करावे? त्या पद्धतीचे मर्म घ्यावे: चकाकीवर विसंबू नये, मोजण्याची जागा आपण तयार करावी. भांड्याच्या बाहेरील बाजूस काजळी असेल तर तेथे नेम धरावा. नसल्यास उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एक पट्टा द्यावा. भांडे आचेवरून उतरवून, ज्वाळेच्या आडून नव्हे, जवळून मोजावे. गन घेताना ‘एमिसिव्हिटी’ बदलता येते का, हे दुकानदाराला अवश्य विचारावे. वितळलेल्या धातूसाठी मात्र आत बुडवायचा थर्मोकपलच खरा. आणि शेवटी कथील प्रत्यक्ष वितळताना गनचा आकडा पाहून ठेवावा. २३२ च्या आसपास असेल तर गन आणि नेम दोन्ही ठीक. फार खाली असेल तर त्या आकड्यावर माल लावू नये.