भयपटांतील तंत्रविद्या

भयपटांतील तंत्रविद्या : मानवनिर्मित यंत्र, रसायन, ऊर्जासाधन किंवा संदेशवहनाचे माध्यम हेच भीतीचे मूळ म्हणून योजणारा भयपटांचा एक प्रकार. पारंपरिक भयकथेत संकट भूत, पिशाच वा शाप यांच्या रूपाने येते. या प्रकारात ते प्रयोगशाळा, कारखाना किंवा घरातील उपकरण यांतून उद्‌भवते.

या कल्पनेचे बीज मेरी शेली हिच्या फ्रँकेन्स्टाइन (१८१८) या कादंबरीत आढळते. निर्मात्याने टाकून दिलेली निर्मिती त्याच्यावरच उलटते, हे तिचे सूत्र होय. तीवर आधारलेला जेम्स व्हेल याचा चित्रपट १९३१ मध्ये निघाला. तत्पूर्वी फ्रिट्‌स लांग याच्या मेट्रोपोलिस (१९२७) या जर्मन चित्रपटात कामगारांना चिथावणारी यंत्रस्त्री अवतरली होती. इशिरो होंडा याच्या गोजिरा (१९५४) या जपानी चित्रपटातील महाकाय प्राणी हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांमुळे जागा होतो. हीरोशीमा व नागासाकी येथील संहाराची स्मृती त्यामागे आहे. स्टॅन्ली कुब्रिक याच्या २००१ : अ स्पेस ओडिसी (१९६८) या चित्रपटात यानाचा संगणकच अंतराळवीरांच्या जिवावर उठतो. पुढे हे भय घरात शिरले. रिंगू (१९९८) या जपानी चित्रपटात ध्वनिचित्रफीत, तर विक्रम कुमार याच्या १३ बी (२००९) या हिंदी चित्रपटात दूरचित्रवाणीवरील मालिका अनर्थाची वाहक ठरते. येथे जुन्या पिशाचाला केवळ नवे घर मिळालेले दिसते.

चित्रपटातील यंत्राला हेतू असतो. प्रत्यक्षातील यंत्राला तो नसतो. तेथे धोका बहुधा सुरक्षेच्या उपेक्षेतून निर्माण होतो. भोपाळ येथे २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीत पाणी शिरून मिथिल आयसोसायनेट तापले आणि विषारी वायूने हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्या वेळी टाकी थंड ठेवणारी शीतन यंत्रणा बंद होती व वायू जाळण्याचा मनोराही कार्यक्षम नव्हता.

महाराष्ट्रात नागपूरचा या प्रश्नाशी विशेष संबंध आहे. स्फोटके व पेट्रोलियम यांच्या सुरक्षेचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय तेथे आहे. तरीही शहरानजीकच्या बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या स्फोटात नऊ कामगार दगावले. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक विद्युत् केंद्रांत दगडी कोळसा जळून प्रचंड राख उरते. ती पाण्याबरोबर वाहून नेऊन तळ्यांत साठवितात. कोराडी केंद्राच्या अशा एका तळ्याचा बांध जुलै २०२२ मध्ये फुटून राखमिश्रित पाणी परिसरात पसरले. नागपूर येथेच १९५८ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या संस्थेने भोपाळच्या कारखान्याच्या आवारातील मृदा व भूजल यांच्या दूषणाचाही अभ्यास केला.

भयपटात संकट अकस्मात प्रकट होते व शेवटी बहुधा त्याचा निकाल लागतो. भूजलात मुरणारे विष किंवा श्वासावाटे जाणारी राख यांना असा नाट्यमय आरंभ नसतो आणि अंतही नसतो. त्यामुळे ही संकटे पडद्यावर क्वचितच येतात. त्यांचे निवारण नायकाच्या पराक्रमाने होत नाही. नियमित तपासणी, दुरुस्ती आणि कामगारांचे प्रशिक्षण हेच त्यावरील उपाय होत.